मूल जेवत नाही, म्हणजे नेमके काय?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा किमान वेतन, महागाई किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही कळविला तो दोन वर्षांच्या मुलाच्या जेवणाचा विषय. चालकांनी आमचे पत्र दोनदा वाचले, असे मागाहून कानावर आले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा डॉक्टरच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. परंतु गाऱ्हाणे कसे ऐकावे आणि त्याच्या मुळाशी कसे जावे, एवढे या धंद्यात राहून आम्हाला कळू लागले आहे. ‘पोर काही खात नाही’ हेही एक गाऱ्हाणेच आहे. पाचगणीत हॉटेलांच्या आणि वसतिगृहांच्या भटारखान्यांत राबणाऱ्या, तसेच स्ट्रॉबेरीच्या तोडणीला जाणाऱ्या बायांकडून ते आम्ही जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा पगाराचेही ऐकले नसेल. सभा रंगात आली की एखादी बाई पदर सावरून उठते. का उठलात म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: “जाऊ द्या भाऊ, घरी पोर उपाशी आहे. दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही.”

आता गंमत पाहा. पाचगणी हे गाव वसले तेच मुळी प्रकृती सुधारण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथे वस्ती वाढविली. 1912 साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. येथल्या हवेने भूक लागते, असे मुंबईपुण्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. भोवताली स्ट्रॉबेरी आणि गाजरे पिकतात, डोंगरउतारावर नाचणी होते, पसरणीचा घाट उतरून वाईकडे गेले की ज्वारी आहे. अशा गावात घरोघर एकच तक्रार की मूल खात नाही! तेव्हा दोष हवेचा नव्हे आणि पाण्याचाही नव्हे. तो कोठे आहे, हे शोधणे हा आजचा विषय आहे.

एक वाक्य, तीन गाऱ्हाणी

‘खात नाही’ हे वाक्य एकच असले, तरी त्याच्या पोटात तीन अगदी निराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, मुलाला खाऊ शकत नाही म्हणून ते खात नाही: आजार आहे, तोंड आले आहे, जंत झाले आहेत, रक्त कमी आहे. दुसरी, त्याला मिळतच नाही: घरात नाही, किंवा घरात आहे पण भरवायला माणूस नाही. तिसरी, मिळते आहे, प्रकृतीही ठीक आहे, पण ते नको म्हणते. पहिल्याला औषध लागते, दुसऱ्याला शिधा आणि माणूसबळ लागते, तिसऱ्याला धीर लागतो. पहिल्या दोघांना धीराचा उपदेश करणे हा अपराध होय, आणि तिसऱ्याला टॉनिकाची बाटली पाजणे हा मूर्खपणा होय.

हा भेद पुस्तकी नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत 35 मुले वयाच्या मानाने खुजी आणि 36 मुले वजनाने कमी आढळली. सहा महिने ते दोन वर्षे या वयात ज्यांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो, अशी मुले साऱ्या देशात शंभरात अवघी 11 होती. म्हणजे आमच्याकडे ‘खात नाही’ असे जिच्याविषयी म्हणतात, त्या मुलीला पुष्कळदा ‘मिळत नाही’ असेच म्हणावयास हवे. म्हणून पहिले काम अंगणवाडीत जाऊन वजन करून घेणे आणि वाढीच्या तक्त्यावरची रेघ पाहणे. एका महिन्याचा आकडा फारसे सांगत नाही. रेघ वर चालली आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, हे पाहावे. दंडाचा घेर मोजण्याची पट्टी सेविकेकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला तर सावध व्हावे, साडेअकराहून कमी भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार जुलाब किंवा ताप येत असेल, मूल मलूल पडून राहत असेल, अथवा खाण्याचे दोनचार जिन्नस सोडून बाकी सर्व पदार्थांना पाहूनच घाबरत असेल, तर शेजारणीचा सल्ला पुरे करून डॉक्टरला दाखवावे.

रेघ वर चालली आहे, मूल खेळते आहे, दंगा करते आहे, आणि तरीही ताटापुढे तोंड फिरविते आहे, असे असेल तर पुढचे विवेचन तुमच्यासाठी आहे.

भूक कमी होते ती का

जन्मताना मूल सुमारे तीन किलोचे असते आणि पहिल्या वाढदिवसाला सुमारे नऊ किलोचे होते. वर्षात तिप्पट! आयांच्या मनात या पहिल्या वर्षाची भूक बसलेली असते. परंतु हाच वेग पुढे टिकला तर काय होईल याचा हिशेब आम्ही एकदा सभेत मांडला होता. पहिल्या वाढदिवसाला नऊ, दुसऱ्याला सत्तावीस, तिसऱ्याला एक्याऐंशी किलो! म्हणजे आजीला कडेवर घेण्याऐवजी नातूच आजीला कडेवर घेईल. निसर्ग हे होऊ देत नाही. दुसऱ्या वर्षात मूल साधारण दोन-अडीच किलोच वाढते, आणि वाढ मंदावली की भूकही मंदावते. आईला वाटते, पोराचे खाणे तुटले. वस्तुतः कारखान्याची मागणी उतरली म्हणून कच्चा मालही कमी उचलला जात आहे, इतकेच.

दुसरे कारण असे की, दीड-दोन वर्षांचे मूल नव्या पदार्थाला भिते. चालता येऊ लागलेले मूल आईच्या नजरेआड जाऊ शकते आणि हाती येईल ते पान, बी, किडा तोंडात घालू शकते. त्या वयात अनोळखी वस्तूचा संशय घेणारी मुले जगण्याची शक्यता अधिक, म्हणून हा स्वभाव माणसात मुरला असावा, असे शास्त्रज्ञ म्हणतात. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून असेही दिसते की, कोणते मूल किती चोखंदळ निघणार यात जन्मजात स्वभावाचा वाटा मोठा असतो. तेव्हा एकाच आईची दोन मुले, एक सर्वभक्षी आणि दुसरे नाक मुरडणारे, यात आईचा दोष नाही. हे वाक्य सासूबाईंनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत जवळचे. या वयात मुलाला प्रथमच कळते की आपण आईहून निराळे आहोत. कोठे जावे, कोणते कपडे घालावे, केव्हा निजावे, हे सारे मोठी माणसे ठरवितात. त्याच्या हाती सत्ता अशी एकाच दरवाजावर असते, आणि तो दरवाजा म्हणजे त्याचे तोंड. ‘नको’ हा त्याचा पहिला ठराव होय.

आमची एक चूक

येथे आमच्याच घरची गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आमची नात वीस महिन्यांची असताना तिच्या आईची दुपारपाळी सुरू झाली आणि जेवविण्याचे काम आमच्याकडे आले. पोरीने वरणभाताला तोंड लावले नाही. आम्हाला राग आला. एका हाताने तिचे दोन्ही हात धरले, दुसऱ्याने चमचा दातांत घातला. तिने गिळले, आणि घटकेत सारे ओकून टाकले. दुसऱ्या दिवशी ती नुसती स्टीलची वाटी पाहून रडू लागली. तिसऱ्या दिवशी भाताचा वासही सहन होईना. आमची मंडळी हे सारे पाहत होती. ती म्हणाली, “अहो, मालकाने तुमच्या माणसांचे हात धरून असे काम करवून घेतले असते, तर तुम्ही गेटावर संप पुकारला असता की! पोरीने दुसरे काय केले?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. आयुष्यभर सक्तीविरुद्ध भाषणे केली, आणि घरी बसून हात धरले ते एका तान्ह्या पोरीचे. त्यानंतर आम्ही या विषयावर वाचू लागलो.

मुलांवर सोपवून पाहिले तेव्हा

वाचताना एक जुना प्रयोग हाती लागला. अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस या बाईंनी नुकतीच अंगावरून सुटलेली मुले जेवणाच्या बाबतीत स्वतंत्र ठेवून पाहिली. पहिला अहवाल 1928 साली प्रसिद्ध झाला. पुढे एकंदर पंधरा मुलांवर हे काम चालले. तीसहून अधिक साधे पदार्थ ठरविलेले होते: धान्ये, भाज्या, फळे, अंडी, मांस, दूध. त्यांतले निरनिराळे पदार्थ जेवणाच्या वेळी मुलापुढे मांडीत. साखर नाही, मिसळलेले पक्वान्न नाही. दाई जवळ चमचा घेऊन बसे, पण मुलाने बोट दाखविल्याविना हात हालवीत नसे आणि चेहऱ्यावर आवडनावड दाखवीत नसे. मुलांनी वेळी-अवेळी विचित्र बेत केले. आज एका पदार्थावर तुटून पडावे, उद्या त्याला शिवूही नये. तरी महिन्यांचा हिशेब पाहता सारी मुले चांगली पोसली. एक मूल मुडदूस घेऊन आले होते. त्याच्यापुढे माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. ते आपण होऊन तेल पीत राहिले आणि बरे झाल्यावर त्याने ते सोडले.

यावरून ‘मुलाला सारे कळते, मागेल ते द्या’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, खरी खुबी पदार्थांच्या यादीत होती. यादी मोठ्या माणसांनी केली होती, आणि तीत वाईट काहीच नव्हते. त्या यादीत क्रीमची बिस्किटे, वेफर आणि गोळ्या असत्या, तर निकाल निराळा लागला असता.

करारनामा

मग सत्ता कोणाच्या हाती असावी? आमच्या धंद्यात ज्याला करारातील कलमांची वाटणी म्हणतात, ती येथे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी 1980 नंतरच्या काळात फार सुबक करून दिली. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून खायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. एकाने दुसऱ्याच्या कलमात हात घातला की तंटा सुरू होतो. आई ‘आणखी दोन घास’ म्हणून मुलाच्या कलमात शिरते. मूल ‘भात नको, बिस्किट हवे’ म्हणून आईच्या कलमात शिरते, आणि आपण बिस्किट दिले की करार मोडला.

हा करार घरात पाळायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली वेळ. भूक ही मधल्या काळात तयार होते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीनचार जेवणे आणि एकदोन वेळा मधले खाणे पुरते. मधल्या दोन-अडीच तासांत पाण्याखेरीज काही नको. आमच्याकडे काय होते? सकाळी चहात बुडवून बिस्किट, दहाला रडले म्हणून पाच रुपयांचा पुडा, अकराला शेजारी गेले तर हातावर फरसाण, आणि बाराला आई ताट घेऊन बसते. मूल खात नाही असे नव्हे, त्याचे खाऊन झालेले असते! चहाचा आणखी एक गुन्हा असा की, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. दुधाचेही प्रमाण हवे. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेले की जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह नाहीच म्हटले तरी चालेल. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची शंभरात सुमारे 69 मुले रक्तक्षयाने ग्रासलेली आढळली. लोह कमी झाले की भूक मरते, भूक मेली की लोह आणखी कमी होते. सहा महिन्यांनंतर मुलांसाठी लोहाचे औषध सरकारी केंद्रांतून मिळते. ते विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट माप. मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे लहान. आपल्या मापाने ताट भरले की ते पाहूनच घाबरते. दोन चमचे वाढावे, मागितले तर पुन्हा वाढावे. मात्र जे वाढायचे ते कसदार असावे. पातळ वरणाचे पाणी पाजून पोट भरते, अंग भरत नाही. मऊभातात घट्ट वरण आणि चमचाभर तूप, नाचणीच्या सत्त्वात शेंगदाण्याचे बारीक कूट, भाकरी कुस्करून उसळीच्या रश्शात, उकडलेले अंडे, आपल्या जिल्ह्यात पिकणारा वाघ्या घेवडा मऊ शिजवून: यांत महाग असे फारसे काही नाही. घरचेच जेवण तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढावे, मुलासाठी निराळा स्वयंपाक मांडू नये. आणि एक इशारा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या, अख्खी द्राक्षे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, ती श्वासनलिकेत अडकतात. कच्चे गाजर किसून किंवा मऊ उकडून द्यावे.

तिसरी गोष्ट चिकाटी. लीॲन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या सुमारास लहान मुलांवर पुष्कळ प्रयोग केले. नवा पदार्थ आठदहा वेळा, काहींना पंधरा वेळा चाखावयास मिळाल्यावर कोठे तो आवडू लागतो, असे त्यांना आढळले. आपण तीन वेळा देतो आणि ‘हिला भोपळा आवडत नाही’ असा शिक्का मारतो. तो शिक्का मग लग्नापर्यंत टिकतो! एखादा ओळखीचा पदार्थ पानात असू द्यावा, त्याच्या शेजारी चमचाभर नवा. हात लावला तरी पुरे, वास घेतला तरी पुरे, थुंकले तरी ओरडू नये. ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम देईन’ हे लालूच तर मुळीच नको. भाजी ही सजा आणि आइस्क्रीम हे बक्षीस, असा धडा त्यातून मूल शिकते. तसा बोनस लावलेल्या पदार्थाची गोडी उलट कमी होते, हेही बर्चबाईंनीच दाखविले.

चौथी गोष्ट संगत. याच बाईंना दिसले की, नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या सोबत्यांमध्ये काही दिवस बसविलेले मूल ती भाजी खाऊ लागते. आपल्याला हे नवे नाही. अंगतपंगत म्हणतात ते हेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि जी मुले शाळेत येत नाहीत त्यांच्या अंगणात बालवाडी नेली. आजच्या अंगणवाडीची कल्पना त्यातून आली. सेविका सांगतात, घरी उसळीला न शिवणारे पोर येथे रांगेत बसून वाटी चाटून पुसते. म्हणून घरीही मुलाला एकटे भिंतीशी बसवून त्याच्यापुढे मोबाइल लावू नये. पडद्याकडे पाहत मूल गिळते खरे, पण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले हे त्याला कळत नाही. चिऊकाऊच्या घासात निदान आईचा चेहरा समोर होता.

आमच्या नातीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही चमचा खाली ठेवला. तिला आपल्याच ताटाशी बसविले आणि आपण जेवू लागलो. आठवडाभर तिने भाताकडे पाहिले नाही, भाकरीचा पापुद्रा चघळला. आमचा जीव वरखाली होत होता. पुढच्या आठवड्यात एके दुपारी तिने आमच्याच पानातला वरणभात मुठीत धरला, निम्मा तोंडात आणि निम्मा केसांत घातला. त्या दिवशी आमच्या मंडळीने फरशी तीनदा पुसली. तेवढा पसारा सोसावाच लागतो.

वेळ कोणाजवळ आहे?

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच वस्तू लागते, आणि ती म्हणजे वेळ. ठरलेल्या वेळी वाढा, शेजारी बसा, घाई करू नका, पंधरा वेळा पुन्हा द्या. हे कोणाला सांगावे? डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जी बाई उजाडताच वावरात वाकून स्ट्रॉबेरी तोडते, तिला? तिचे मूल म्हाताऱ्या आजीपाशी किंवा सात वर्षांच्या बहिणीपाशी असते. बहीण रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी बिस्किट देते, दुसरे काय करील? रात्री आई दमून येते, मूल पेंगत असते, आणि दोघांची लढाई जुंपते. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा भाग महाबळेश्वर-पाचगणीच्या या टापूतून जातो. ती टोपली ज्या हातांनी भरली, त्या हातांना आपल्या पोराला निवांत घास भरविता येत नाही, हे आपण रोज पाहतो.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांची संख्या ठराविक मर्यादेपुढे गेली की पाळणाघर बंधनकारक केले. ती मर्यादा पुढे तीसवर आणण्यात आली. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊन येण्याची मुभा दिली. परंतु पाच बाया रोजाने घेणाऱ्या वावराला यातले काहीच लागू होत नाही. उरते ती अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झालेली ही योजना आज खेडोपाडी आहे. तीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने पूरक म्हणून मिळावीत, असे 2009 साली ठरले होते. परंतु तीन वर्षांखालच्या मुलाचा वाटा बहुधा घरी नेण्याच्या शिध्याच्या रूपाने येतो. शिधा घरी येतो, भरविणारा माणूस येत नाही. जी सेविका भरवू शकेल, तिला आपण कामगार म्हणत नाही आणि तिच्या हातावर पगाराऐवजी मानधन ठेवतो. त्यासाठीच 2023 च्या डिसेंबरात राज्यभर सेविकांना संपावर जावे लागले आणि तो 2024 च्या जानेवारीत मिटला.

म्हणून आमचे म्हणणे दोन ठिकाणी पोहोचले पाहिजे. बागायतदार बंधूंनी पाचदहा जणांनी मिळून हंगामापुरती एक खोली आणि एक जाणती बाई एवढी सोय केली, तर टोपलीमागे पडणारा खर्च नगण्य आहे. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर हे येत्या हंगामात होण्यासारखे आहे. आणि पुरुष बंधूंना सांगणे असे की, मुलाला भरविणे हे कोणत्याही शास्त्राने केवळ बाईच्या नावावर लिहिलेले नाही. आम्ही पन्नाशी उलटल्यावर ते शिकलो. तुम्ही इतका उशीर करू नका.

‘पोर खात नाही’ असे उद्या कोणी म्हणाले, तर आईकडे बोट दाखविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ते खाऊ शकते काय? त्याला मिळते काय? आणि ते नको म्हणते तेव्हा आपण त्याचे ऐकून घेतो काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली की औषधाची बाटली घ्यायची, शिध्यासाठी अर्ज लिहायचा, की नुसते मुलाशेजारी बसून आपला घास आपण खायचा, हे आपोआप ठरेल.